टाकी झाली, आता तलाव करायचा: नाशिकच्या बंगल्यामागचं फिनिशिंग

पोहण्याच्या तलावाची काँक्रीटची टाकी उभी राहिली, फळ्या निघाल्या, तराई झाली, की घरातली मंडळी टाइलचे कॅटलॉग उघडून बसतात. घाई होते ती इथेच. इथून पुढचं प्रत्येक काम आधीच्या कामावर झाकण घालतं. वॉटरप्रूफिंग काँक्रीट झाकतं, टाइल वॉटरप्रूफिंग झाकते, डेक पाइप झाकतो आणि बाग उरलेलं सगळं. म्हणून धबधबा कुठे, दिवे किती, सोनचाफा कोणत्या बाजूला, हे पहिली टाइल लागायच्या आधी कागदावर ठरलेलं हवं. डेक झाल्यावर सुचलेलं कारंजं म्हणजे डेक फोडणं.

हिशेबासाठी एक तलाव धरू. लांबी ८ मीटर, रुंदी ४ मीटर, खोली एका टोकाला १.२ आणि दुसऱ्या टोकाला १.५ मीटर. सरासरी १.३५ धरली तर पाणी ४३,२०० लिटर. पुढचे आकडे याच मापाचे आहेत. तुमचा तलाव लहान-मोठा असेल तसे कमी-जास्त करा.

हंगाम पाहून काम

नाशिकमध्ये या कामाला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. भरून चाचणी आणि वॉटरप्रूफिंग ऑक्टोबर-नोव्हेंबरात, टाइल डिसेंबर-जानेवारीत, पाणी फेब्रुवारीत. थंडीत रात्री पारा दहाच्या खाली जातो तेव्हा अ‍ॅडहेसिव्ह आणि सांध्यांत भरायचं इपॉक्सी दोन्ही सावकाश धरतात, म्हणून टाइलचं काम सकाळी दहा ते दुपारी चार एवढ्यातच उरकावं. एप्रिल-मेमध्ये उलटं होतं. थर पसरून टाइल उचलेपर्यंत अ‍ॅडहेसिव्हवर साय धरते, वरून टाइल बसल्यासारखी दिसते आणि दोन महिन्यांनी सुटते. उन्हाळ्यात करणं भागच असेल तर तलावावर हिरवी शेडनेट ताणा. रोपवाटिकांच्या आणि द्राक्षबागांच्या या जिल्ह्यात ती मिळायला अडचण नाही.

पावसाळ्यात एक गोष्ट अजिबात करायची नाही: टाकी रिकामी ठेवायची नाही. काळ्या मातीत पाणी झिरपून भोवती साचतं आणि टाकीला खालून उचलतं. आपल्या मापाच्या, २० सेंटिमीटर जाडीच्या टाकीचं वजन साधारण ३४ ते ३५ टन भरतं. बाहेर काठापर्यंत पाणी चढलं तर उचलणारा जोर ५५ टनांच्या वर जातो. टाकी तरंगते, पाइप तुटतात, आणि ती परत जागेवर बसत नाही. काम अर्धवट असलं तरी जूनच्या आधी टाकीत निम्म्याच्या वर पाणी सोडून ठेवा आणि पावसाचा जोर असेल तेव्हा पातळी वाढवत न्या. तळाच्या ड्रेनच्या खड्ड्यात दाब सोडणारा व्हॉल्व्ह बसवलेला असेल तर उत्तमच, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.

आधी पाणी, मग टाइल

काँक्रीटला २८ दिवस झाले की सगळ्या पाइपांची तोंडं बुचं लावून बंद करा आणि टाकी भरा. पहिले दोन-तीन दिवस काँक्रीट स्वतःच पाणी पितं, ती घट मोजू नका. चौथ्या दिवशी भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, बादलीच्या आतही रेघ मारा. सात दिवसांनी दोन्हींची घट पाहा. बादलीत आणि टाकीत सारखंच पाणी उतरलं तर ते वाफ होऊन गेलं. टाकीत जास्त उतरलं तर गळती आहे. पाणी ज्या पातळीला येऊन थांबतं त्या आडव्या रेषेवरच शोध घ्या. बहुतेक वेळा ती काँक्रीटच्या दोन टप्प्यांतल्या जोडावर किंवा पाइपाच्या गळ्याशी सापडते.

पाइपांची चाचणी वेगळी. प्रत्येक लाइन २ ते ३ किलो दाबावर २४ तास धरून ठेवा. प्रेशर गेज तिथेच राहू द्या आणि डेकचं काम संपेपर्यंत काढू नका. धुमस मारताना किंवा पहार लागून पाइप फुटला तर काटा त्याच क्षणी खाली येतो आणि दुरुस्ती तासाभरात होते. गेज नसेल तर तीच फूट तलाव भरल्यावर कळते.

चाचणीनंतर क्रम असा. फळ्यांच्या बोल्टची भोकं आणि जिथे खडी उघडी पडली आहे त्या जागा छिन्नीने पक्क्या काँक्रीटपर्यंत उकरून न आकसणाऱ्या ग्राउटने भरायच्या. प्रत्येक पाइपाभोवती २५ मिलिमीटरची खाच करून तीही भरायची. भिंती दोरी-ओळंब्यात नसतील तर आधी गिलावा करून सरळ करायच्या आणि भिंत-तळाच्या कोपऱ्यात ५० मिलिमीटरचा वाटा, म्हणजे गोलाई, मारायचा. वॉटरप्रूफिंगचा कोट त्यावर. काही मिस्त्री आधी कोट मारून त्यावर गिलावा करतात. तसं केलं की टाइलमागचा गिलावा कायम ओला राहतो आणि कालांतराने पोकळ बोलू लागतो. कोट टाइलच्या जेवढा जवळ तेवढा चांगला.

कोट म्हणजे पावडर आणि लिक्विड असं दोन भागांचं पॉलिमर-सिमेंट. दोन हात द्यायचे, पहिला आडवा, दुसरा उभा. कोपऱ्यात आणि पाइपाभोवती पहिल्या हातात फायबरची जाळी दाबायची. आपल्या तलावाला तळ ३२ आणि भिंती ३२ मिळून ६४ चौरस मीटर होतात. चौरस मीटरला दोन किलोने १३० किलो माल लागतो. यापेक्षा खूप कमी लागला तर कोट पातळ झाला असं समजा. कोट वाळला की पुन्हा तीन दिवस पाणी भरून पाहा. कंटाळवाणं आहे, पण टाइल लागल्यावर हीच चाचणी करायला टाइल काढावी लागते.

धबधब्याची भिंत

सगळ्यांत जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून थोडं सावकाश.

भिंत कुठे, हा पहिला प्रश्न. नाशिकला उन्हाळ्याच्या दुपारी आणि पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडचा. धबधबा पूर्वेच्या भिंतीवर लावला तर वारा थेट पडणाऱ्या पाण्याच्या पडद्यावर येतो आणि पाणी भिंतीवरच आपटतं. भिंत पश्चिमेला घेतली की तीच वाऱ्याला आड येते आणि संध्याकाळच्या उन्हात तलावाचं ते टोक सावलीत राहतं. स्किमरचं, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढणाऱ्या खिडकीचं, याच्या नेमकं उलट: वाऱ्याने कचरा पूर्वेकडे वाहत जातो, म्हणून स्किमर पूर्वेला.

भिंतीचा पाया स्वतंत्र आणि न हललेल्या जमिनीवर, म्हणजे मुरूम किंवा दगड लागेपर्यंत खाली. तलावाभोवतीच्या भरावावर उभी केलेली भिंत पहिल्या पावसानंतर मागे कलते, आणि पडदा एका अंगाला सरकतो.

पडद्याला पाणी किती? १.२ मीटर रुंदीच्या वॉटर ब्लेडला, म्हणजे पाणी पातळ पडद्यासारखं सोडणाऱ्या फटीच्या पेटीला, मीटरमागे मिनिटाला १५० लिटर धरा, म्हणजे १८० लिटर. दोन्ही बाजूंना काळ्या दगडाची दोन गोमुखं हवी असतील तर प्रत्येकी ३० लिटर. एकूण मिनिटाला २४० लिटर. फिल्टरचा पंप मिनिटाला १२० लिटरच फिरवतो, तेवढ्यात सहा तासांत सगळं पाणी एकदा गाळून होतं. त्याच पंपावर धबधबा जोडला तर फिल्टरही उपाशी आणि पडदाही फाटका. धबधब्याला वेगळा पंप, वेगळी सक्शन, म्हणजे तलावातून पाणी ओढणारी लाइन. सक्शन लाइन ७५ मिलिमीटरची, डिलिव्हरी ६३ची, प्रत्येक फाट्यावर स्वतंत्र बॉल व्हॉल्व्ह आणि पंपाच्या पुढे एक एनआरव्ही, म्हणजे पाणी उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह. पंप घेताना हॉर्सपॉवर विचारू नका. मिनिटाला २४० लिटर सात-आठ मीटर हेडवर (पंपाला पाणी जेवढ्या उंचीइतक्या दाबाने ढकलावं लागतं त्यावर) मिळतात का, ते कंपनीच्या तक्त्यात पाहा.

सक्शनची तोंडं नेहमी दोन, एकमेकांपासून किमान एक मीटर दूर आणि एकाच पाइपाला जोडलेली, वर फुगीर जाळीची झाकणं स्क्रूने घट्ट. एकच तोंड असेल आणि त्यावर मुलाची पाठ किंवा केस गेले तर पंपाची ओढ मोठ्या माणसालाही सोडवत नाही. इथे काटकसर नाही.

आता ब्लेड बसवणं. ब्लेडचं ओठ दगडाच्या पृष्ठभागापुढे २५ मिलिमीटर तरी यायला हवं. मिस्त्री ब्लेड विटेच्या भिंतीला समोरासमोर बसवतो, मग त्यावर १० मिलिमीटर अ‍ॅडहेसिव्ह आणि २० मिलिमीटर दगड चढतो, आणि ओठ दगडाच्या आत जातं. पाणी पडद्यासारखं पडायच्या ऐवजी दगडावरून ओघळतं. म्हणून भिंतीवर चढवायचा (क्लॅडिंगचा) दगड आधी निवडा, जाडी मोजा, आणि मगच ब्लेड पक्कं करा. लेव्हल स्पिरिट लेव्हलच्या बुडबुड्यावर सोडू नका. ब्लेड तात्पुरतं टेकवून होजने पाणी सोडा, १.२ मीटरमध्ये दोन मिलिमीटरचा फरकही डोळ्यांना दिसतो, एका बाजूचा पडदा जाड आणि दुसऱ्या बाजूला नुसते थेंब.

पंप जोडण्याआधी लाइन उघडी ठेवून पाच मिनिटं पाणी सोडून द्या. पाइपात राहिलेला बारीक खडीचा एक कण ब्लेडच्या फटीत अडकला की पडद्याला डोक्यात भांग पाडावा तशी मधोमध चीर पडते, आणि मग ती काढायला दगड सोडवावा लागतो.

पडद्याची उंची पाण्यापासून ६० ते ९० सेंटिमीटर पुरे. त्याहून वर पडदा तुटतो, शिंतोडे डेकवर येतात आणि आवाज एवढा होतो की शेजारी बसून बोलता येत नाही.

एक दुखणं नाशिकच्या बोअरवेलवाल्यांनी आधीच लक्षात घ्यावं. इथल्या खडकातलं पाणी बहुतेक ठिकाणी जड. पडणाऱ्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइड उडून जातो, त्यामुळे पीएच चढतो, आणि चढलेल्या पीएचला जड पाण्यातला चुना दगडावर उतरतो. काळ्या पाषाणाची भिंत वर्षभरात पांढरी पडते ती यामुळे. त्यात वाफेची भर: उन्हाळ्यात रोज साधारण २०० लिटर पाणी उडतं असं धरलं, आणि ५०० पीपीएम (लिटरला ५०० मिलिग्रॅम) जडपणाच्या पाण्याने ते भरून काढलं, तर रोज १०० ग्रॅम क्षार आत येतात आणि बाहेर काहीच जात नाही. मार्च ते मे एवढ्या काळात तलावाचा जडपणा २०० पीपीएमने वाढतो. उपाय तीन. दगडाला आत मुरणारं सीलर लावा, वरून चकाकी देणारं नको. धबधबा माणसं बसलेली असतील तेवढाच वेळ चालवा. आणि वरचं पाणी शक्य तितकं नळाचं किंवा छतावरून साठवलेलं पावसाचं घाला.

टाइल

काचेचं मोझेक घ्यायचं तर कागद पुढे चिकटवलेलं घ्या. मागे प्लॅस्टिकच्या ठिपक्यांनी जोडलेल्या शीटमध्ये प्रत्येक ठिपका म्हणजे अ‍ॅडहेसिव्ह न लागलेली जागा. अ‍ॅडहेसिव्ह पांढरंच, कारण काचेतून करडा रंग दिसतो. ६४ चौरस मीटरला तोडमोड धरून ७० चौरस मीटर, म्हणजे ७५० चौरस फूट माल मागवा, आणि सगळा एकाच बॅचचा. ३ मिलिमीटर थराला २० किलोची पिशवी ५० चौरस फुटांना पुरते. पंधरा पिशव्या लागतील. सुरुवात पाण्याच्या पातळीच्या पट्ट्यापासून करा, तळ सगळ्यांत शेवटी.

दुसऱ्या दिवशी रुपयाच्या नाण्याने टकटक करत फिरा. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक कुणालाही कळतो. पोकळ वाजलेलं शीट तेव्हाच काढा.

टाइलच्या सांध्यांतलं ग्राउट इपॉक्सीचं. सिमेंटचं ग्राउट आम्ल आणि क्लोरीन दोन-तीन वर्षांत खातात. इपॉक्सी एका वेळी पाऊण तासात संपेल एवढंच कालवा आणि टाइलवरचा चिकट थर त्याच दिवशी पुसा. वाळलेला थर उतरवायला मग ब्लेडने खरवडत बसावं लागतं. ग्राउटनंतर तलावात किमान सात दिवस पाणी नाही.

कोपिंग आणि डेक

कोपिंगचा, म्हणजे तलावाच्या काठावरच्या दगडी ओळीचा, वरचा काठ ट्यूब लेव्हलने चारही बाजूंना लावा. चूक झाकता येत नाही, कारण पाणी स्वतःच लेव्हल दाखवतं. एका कोपऱ्यात टाइल चार बोटं दिसते आणि दुसऱ्यात तीन. दगड ३० सेंटिमीटर रुंद, ३० ते ४० मिलिमीटर जाड, पुढची कड गोल, आणि आत २५ मिलिमीटर पुढे आलेला.

डेक खचण्याचं एकच कारण जवळपास सगळीकडे सापडतं. टाकीभोवतीच्या दोन-तीन फुटांच्या खड्ड्यात खोदलेली काळी मातीच परत ढकललेली असते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि फरशी तिच्याबरोबर नाचते. ती माती उचलून बाहेर टाका. मुरूम २० सेंटिमीटरच्या थराने, पाणी मारून, प्रत्येक थर कॉम्पॅक्टरने दाबून भरा. वर १०० मिलिमीटर पीसीसी, म्हणजे सळया नसलेलं साधं काँक्रीट. उतार तलावापासून बाहेरच्या बाजूला, दीड मीटरला २५ मिलिमीटर, आणि बाहेरच्या कडेला जाळीची नाली. कोपिंग आणि डेकमध्ये १२ मिलिमीटरचा सांधा सोडून त्यात फोमची दोरी आणि वर पॉलिसल्फाइड सीलंट. या सांध्यात सिमेंट भरलं की डेकचा ढकल कोपिंगला जातो आणि पहिली टाइलची ओळ सुटते.

दगडात पॉलिश ग्रॅनाइट आणि कडप्पा नको. दोन्ही ओले झाले की घसरतात आणि मेच्या दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही. फिकट रंगाचा, खडबडीत केलेला सँडस्टोन किंवा लेदर फिनिशचा कोटा चालतो. पण कोटा, तांदूर हे चुनखडीचे दगड. काम संपल्यावर सफाईवाला अ‍ॅसिड घेऊन आला तर त्याला डेकवर पाऊल टाकू देऊ नका. मिठावर चालणारा क्लोरिनेटर लावणार असाल तर मऊ सँडस्टोनही टाळा, तो पापुद्रे सोडतो.

दिव्यांचं थोडक्यात: पाण्यातले सगळे १२ व्होल्टचे, ट्रान्सफॉर्मर आणि पॅनेल काठापासून साडेतीन मीटरच्या पलीकडे, लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच), आणि शिडी, रेलिंग, लोखंडी सळया एकत्र जोडून अर्थिंग. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचंच.

झाडं

पश्चिमेला झाड लावलं की त्याची पानं वाऱ्याने थेट पाण्यात. म्हणून उंच झाडं पूर्वेला आणि उत्तरेला. वड, पिंपळ, उंबर, फायकस आठ मीटरच्या आत नको. मुळं पाइपाच्या सांध्यात शिरतात. कडुनिंब आणि गुलमोहराची बारीक पानं जाळीतून निसटून पंपाच्या टोपलीत जातात. बोगनवेल दिसते छान, पण तिचे कागदी तुरे स्किमर तुंबवतात. कण्हेर विषारी आहे, मुलं पोहणार असतील तिथे नकोच. चाफा चालतो, पानं मोठी असतात, हाताने उचलता येतात. काठाशी अरेका पाम, हेलिकोनिया, स्पायडर लिली. उतार असेल तिथे वाळा.

वाफ्याची माती डेकपेक्षा पाच सेंटिमीटर खाली ठेवा, नाहीतर पहिल्या पावसात चिखल डेकवर. पाण्याला स्प्रिंकलर नको, जड पाण्याचे डाग टाइलवर पडतात. १६ मिलिमीटरची ठिबकची नळी आणि ताशी ४ लिटरचे ड्रिपर पुरेत. नाशिकात ते बसवणारा माणूस शोधावा लागत नाही. खत हिरवळीवर फेकून देऊ नका. फॉस्फेट वाहून तलावात गेलं की शेवाळ आलंच.

लहान मुलं घरात असतील तर बागेच्या आराखड्यातच १.२ मीटर उंचीचं कुंपण आणि आपोआप मिटणारं फाटक घ्या, कडी आतल्या बाजूने आणि वरती.

पाणी भरणं आणि पहिला आठवडा

पाण्याची पातळी २४ तासांत ७० सेंटिमीटरपेक्षा जास्त चढू देऊ नका. आपल्या तलावाला ते २२,००० लिटर होतात, म्हणजे दहा हजारी टँकर दिवसाला दोनच. टँकरवाला सगळं एका दिवसात ओतायला तयार असतो, नको म्हणा. एकदम पडलेल्या भाराने नवी टाइल ताणली जाते. होजच्या तोंडाखाली गोणपाट घाला. पातळी स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर आली की थांबा.

पहिले तीन दिवस फिल्टर सतत चालू ठेवा, भिंती रोज ब्रशने घासा. स्वच्छ फिल्टरच्या वेळचा दाब लिहून ठेवा. त्यावर अर्धा बार चढला की बॅकवॉश, म्हणजे फिल्टरमधून उलटं पाणी सोडून तो धुणं. एका बॅकवॉशला २५० ते ३५० लिटर पाणी जातं, ते थेट झाडांना नको.

मग पाणी तपासा. क्षारता (अल्कलिनिटी) ८० ते १२० पीपीएम, पीएच ७.२ ते ७.६, कॅल्शियमचा जडपणा २०० ते ४००, क्लोरीन १ ते ३. क्रमही हाच, कारण क्षारता हलली की पीएच हलतो. क्षारता १० पीपीएमने वाढवायला खाण्याचा सोडा सुमारे ७०० ग्रॅम. तेवढीच उतरवायला ३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे ८०० मिली. आम्ल एका वेळी अर्ध्या लिटरहून जास्त नको, बादलीभर पाण्यात आम्ल घालायचं, आम्लात पाणी कधीच नाही. क्लोरीन १ पीपीएमने वाढवायला ६५ टक्क्यांची कॅल्शियम हायपोक्लोराइट पावडर ६५ ते ७० ग्रॅम. ही पावडर आणि टीसीसीए या दुसऱ्या प्रकारच्या क्लोरीनच्या गोळ्या एकाच डब्यात, एकाच मापाने, एकाच फीडरमध्ये कधीही घालू नका. दोन्ही एकत्र आले की आग लागते किंवा स्फोट होतो. डबे दोन वेगळ्या फळ्यांवर, माप प्रत्येकाचं स्वतःचं.

जून उजाडण्याआधी ओव्हरफ्लोचा पाइप मोकळा आहे का, एक बादली ओतून पाहा. १०० मिलिमीटर पाऊस झाला तर नुसत्या तलावात ३,२०० लिटर भर पडते. ते पाणी जिथे सोडाल तो शोषखड्डा टाकीपासून पाच मीटरच्या पलीकडे हवा. जवळ घेतला तर तेच पाणी काळ्या मातीतून परत टाकीखाली येऊन उभं राहतं.